तळटीप : ‘केडगावची मुक्ती’

* पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन (तालुका दौंड, जिल्हा पुणे). १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या निराधार मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे रमाबाईंच्या पुण्यातील शारदासदन या विधवाश्रमात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा आधीच खरेदी केलेल्या केडगावच्या माळावर त्यांची वसती पडली. आणि पुढे तेथेच शाळा, हातमाग व छापखाना असा संसार वाढत गेला. रमाबाईंच्या मराठी बायबलचे खिळे याच छापखान्यात तेथल्या स्त्रियांनी, शाईने काळवंडलेल्या बोटांनी, जुळवले. लेखकाने येथे ‘बाटवाबाटवी’ एवढाच शेरा मारला आहे. त्यामागे शारदासदनातील धर्मांतरावरून १८९३ मध्ये पेटलेल्या वादाचा कडवटपणा आहे, आणि तो वाद निराधार नव्हता, पण भुकेल्या मुलींचा हिशेब त्यात कोठेच दाखल नाही. — संपादक, मुनिरका, दिल्ली