सहीची किंमत आणि कागदाचे मोल

श्रोतेहो, कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाचे निम्मे आयुष्य कागदांत जाते. करारनामा, हजेरीपट, निवाडा ह्यांच्या खालच्या सह्यांवर शेकडो घरांच्या चुली अवलंबून असतात. म्हणूनच जुन्या सह्यांचे सरकारी कागद हौसेने जमविणारी मंडळी जगात आहेत असे कळले, तेव्हा आम्ही त्या विषयाच्या मागे लागलो. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत जे यादवी युद्ध झाले, त्यातील कागदांचा फार मोठा बाजार आहे. त्याचा हिशेब आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

हे कागद कोणते? युद्ध पेटल्यावर सरकारला सैन्याचे अधिकारी भराभर नेमावे लागले. सेनापतींना व कायम सैन्यातील अधिकाऱ्यांना अध्यक्ष लिंकन आणि युद्धमंत्री यांच्या सहीशिक्क्याचे छापील नेमणूकपत्र मिळे. स्वयंसेवक पलटणींच्या बहुतेक अधिकाऱ्यांना आपापल्या राज्याच्या गव्हर्नराचे. शिवाय माफीचे हुकूम, बदल्या, शिफारशी. लिंकन औपचारिक दस्तऐवजावर पूर्ण नाव लिहीत. पत्रावर किंवा शेऱ्याखाली मात्र नुसते 'ए. लिंकन'. जाणता संग्राहक आधी हे पाहतो.

ही हौस युद्ध चालू असतानाच सुरू झाली, आणि तिला निमित्तही चांगले होते. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी शहरोशहरी जत्रा भरत. गुलामांच्या मुक्ततेच्या अंतिम जाहीरनाम्याचा स्वहस्ते लिहिलेला मसुदा लिंकनने १८६३ साली शिकागोच्या जत्रेला दिला. तो ३,००० डॉलरला विकला गेला आणि १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळून खाक झाला. सप्टेंबर १८६२ च्या पहिल्या जाहीरनाम्याची प्रत १८६४ साली ऑल्बनीला एकेका डॉलरच्या सोडतीत निघाली. ती गुलामगिरीचे कट्टर विरोधक गेरिट स्मिथ यांना लागली. १८६५ साली न्यूयॉर्क राज्याने ती विकत घेऊन आपल्या ग्रंथालयात ठेवली. पुढे १९११ साली त्या ग्रंथालयालाही मोठी आग लागली, पण ती प्रत वाचली. दोन कागद, दोन आगी. एक गेला, एक राहिला.

त्याच १८६४ साली फिलाडेल्फियाच्या जत्रेसाठी जाहीरनाम्याच्या ४८ छापील प्रतींवर लिंकनने सह्या केल्या. किंमत दहा डॉलर, तरी सगळ्या खपल्या नाहीत. त्यांतलीच एक प्रत २०१० साली लिलावात ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. दक्षिणेच्या बंडखोर सरकारचे कागद तर विजेत्यांनीच विकत घेतले. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड सोडताना पुष्कळ दफ्तर जळाले; परंतु परराष्ट्रखात्याचे जे कागद उरले, त्यांसाठी अमेरिकन सरकारने १८७२ साली ७५,००० डॉलर मोजले.

जेथे पैसा, तेथे लबाडी. जोसेफ कोझी नावाच्या इसमाने जुना कागद आणि जुन्या रंगाची शाई मिळवून लिंकनची सही इतकी हुबेहूब केली की जाणते फसले. १९३७ साली तो पकडला गेला. २०११ साली तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्याने जाहीर केले की, लिंकनने एका सैनिकाला दिलेल्या माफीवरील १८६४ ह्या सालातला चारचा आकडा कोणीतरी पाच करून ठेवला आहे. तारीख १४ एप्रिल. साल १८६५ केले की ती लिंकनला गोळी लागली त्या दिवसाची माफी ठरते! एका आकड्यासाठी खरा कागद बिघडवला गेला. आणखी एक रीत म्हणजे पत्राखालची सही तेवढी कात्रीने कापून वहीत चिकटवायची. सही राहिली, हुकूम कोणाला, कशाचा, हे केराच्या टोपलीत गेले.

आमचे भांडण ह्या कात्रीशी आहे. कारण त्याच दफ्तरखान्यात दुसरेही कागद आहेत, ज्यांना लिलावात कोणी विचारणार नाही. ह्या युद्धात सुमारे १,८०,००० काळे सैनिक लढले. गुलामांच्या लग्नाला कायद्याने मान्यता नव्हती, म्हणजे लग्नाचा दाखलाही नव्हता. मेलेल्या सैनिकाच्या विधवेला निवृत्तिवेतन हवे, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी लिहून आणाव्या लागत. साक्षीखाली फुलीची निशाणी आणि बाजूला कारकुनाने लिहिलेले नाव. त्या फुलीवर एका बाईची भाकरी ठरे. आपल्याकडच्या अंगठ्यासारखीच ती. आज ह्या माणसांचा संसार, त्यांची मुलेबाळे, त्यांचे मालक ह्यांची माहिती त्या फुल्यांच्या कागदांतून मिळते. ती एवढ्याचसाठी की पुडके फोडून कोणी विकले नाही.

हा परका इतिहास नव्हे. त्या युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या, आणि मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. उपासमार सोसणाऱ्या मँचेस्टरच्या कामगारांनी ३१ डिसेंबर १८६२ रोजी लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. १९ जानेवारी १८६३ रोजी त्याने उत्तर दिले. आणि १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना.

आता घरचे पाहा. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा मागितला गेला. कोणाच्या ट्रंकेत हजेरीचे कार्ड निघाले, कोणाचे रद्दीत गेलेले. त्या कार्डावर बड्या माणसाची सही नव्हती. ती असती तर कोणी काचेत मढवून ठेवले असते!

संग्राहकांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी जपले नसते तर पुष्कळ कागद वाळवीने खाल्ले असते. मागणे एवढेच की, कागद अखंड ठेवावा, कोठून आला ते लिहून ठेवावे, आणि त्याची नक्कल सार्वजनिक ग्रंथालयात द्यावी. आणि श्रोतेहो, घरी गेल्यावर आपापल्या माळ्यावरचे गाठोडे एकदा सोडून पाहा. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी खालची सही नव्हे, वरचा मजकूर वाचा.