ओट्याच्या पोटातली पोकळी : गॅस ग्रिलच्या झरोक्यांचा इतिहास

१/ गेल्या महिन्यात न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावशीने घरच्या व्हॉट्सॲप समूहावर एक छायाचित्र पाठवले. परसात विटांचा देखणा ओटा, वर काळा दगड, त्यात बसवलेली चकचकीत गॅस ग्रिल आणि खालच्या कप्प्यात गॅसचा सिलिंडर. सगळ्यांनी कौतुक केले. मी मात्र विचारले, "मावशी, ओट्याला खाली झरोके दिसत नाहीत?"

२/ तिचे उत्तर आले : "अगं, होती दोन-तीन भोके. मीच बुजवायला लावली, उंदीर शिरतात. आणि ग्रिल उघड्यावरच तर आहे, आणखी हवा कशाला?" हे उत्तर अगदी स्वाभाविक आहे आणि तितकेच धोकादायकही. आजचा धागा त्या बुजवलेल्या भोकांविषयी. त्यासाठी आपल्याला १९३७ सालच्या टेक्सासमध्ये जावे लागेल.

३/ पूर्व टेक्सासमध्ये १९३० साली तेलाचा प्रचंड साठा सापडला. जागतिक मंदीच्या त्या काळातही न्यू लंडन नावाच्या छोट्या वसाहतीकडे पैसा आला आणि तेथे पोलादी सांगाड्याची भव्य शाळा उभी राहिली. इमारत उताराच्या जागेवर होती. त्यामुळे तिच्या जोत्याखाली, जमीन आणि तळमजला यांच्यामध्ये, एक लांबलचक बंदिस्त पोकळी राहिली. ही पोकळी लक्षात ठेवा.

४/ शाळा उबदार ठेवण्यासाठी मूळ आराखड्यात वाफेची यंत्रणा होती. शाळा मंडळाने ती नाकारली आणि खोल्याखोल्यांत मिळून ७२ गॅस हीटर बसवले. १९३७ च्या आरंभी खर्च वाचवण्यासाठी मंडळाने गॅसपुरवठ्याचा करारही रद्द केला. जवळून जाणाऱ्या एका कंपनीच्या नळातून उरलासुरला वायू जोडून घेतला गेला. तेलविहिरीच्या वायूतून पेट्रोल काढून घेतल्यावर जे उरे, ते टाकाऊ मानून जाळून टाकत. त्या भागात अनेक जण तो असाच फुकट वापरत.

५/ या वायूला रंग नव्हता आणि वासही नव्हता. कुठेतरी जोड सुटला, वायू जोत्याखालच्या पोकळीत साठत गेला. काही दिवस मुलांची डोकी दुखत होती, असे नंतर सांगितले गेले. तेव्हा त्याचा अर्थ कोणाला लागला नाही.

६/ १८ मार्च १९३७, गुरुवार. शाळा सुटायला थोडा अवकाश होता. कार्यशाळेतील शिक्षकांनी लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. बटणाशी ठिणगी उडाली आणि पोकळीतील वायू एकदम पेटला. इमारत उचलली गेली व खाली कोसळली. सुमारे ३०० जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक मुले होती. अमेरिकेच्या इतिहासातील हा सर्वांत भीषण शालेय अपघात मानला जातो.

७/ यातील यंत्रणा समजून घेऊ. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो पेटत नाही. १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरीही पेटत नाही, कारण प्राणवायू अपुरा पडतो. धोका असतो तो या दोहोंच्या मधल्या प्रमाणात. मोकळ्या हवेत गळती चटकन विरळ होते. बंदिस्त पोकळीत मात्र ती साठत जाते, आणि धोक्याच्या प्रमाणापर्यंत पोहोचायला फारसा वेळ लागत नाही.

८/ दुर्घटनेनंतर काही आठवड्यांतच टेक्सासच्या विधिमंडळाने वायूत वास मिसळणे सक्तीचे केले. त्याच वर्षी अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदाही तेथे आला. वासाचा नियम पुढे इतरत्र पसरला. मर्कॅप्टन वर्गातील गंधकयुक्त रसायने त्यासाठी वापरतात. हवेत त्यांचा अत्यल्प अंश असला तरी नाकाला कळतो. वायू पेटण्याच्या किमान प्रमाणाच्या एक-पंचमांशावरच वास यावा, हा आज अमेरिकेतील दंडक आहे.

९/ येथे आपल्याकडचा एक संदर्भ उपयोगी पडेल. १८६० च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर जे गॅसदिवे आले, ते दगडी कोळशापासून बनवलेल्या वायूवर जळत. त्या वायूला मुळातच उग्र वास असे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील शहरांना इशारा आपोआप मिळत होता. विसाव्या शतकात नैसर्गिक वायू आणि एलपीजी आले आणि हा इशारा मुद्दाम मिसळावा लागला. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरचा वास हा त्याच उपायाचा भाग आहे.

१०/ "गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका" हे आपण लहानपणापासून ऐकतो. न्यू लंडनची कहाणी वाचल्यावर या वाक्यामागचे कारण पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

११/ आता ग्रिलकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे वाढली आणि परसात मांस, मका, भाज्या भाजणे हा सुट्टीचा विधी झाला. आरंभी राज्य कोळशाचे होते. १९५२ साली शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रावरील तरंगखुणांच्या धातूच्या गोलार्धांपासून झाकणाची कोळसा-ग्रिल बनवली, ती प्रसिद्धच आहे. १९६० च्या सुमारास गॅसवर चालणाऱ्या ग्रिल बाजारात आल्या. त्यांच्या प्रसारात आर्कान्सासारख्या राज्यांतील गॅस कंपन्या पुढे होत्या, कारण ग्रिल विकली की वायूही खपे.

१२/ या ग्रिलच्या पोटात एक जुनाच शोध दडलेला आहे. १८५५ च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बन्सेन आणि त्यांचे यंत्रकार पीटर देसागा यांनी पेटण्यापूर्वीच वायूत हवा मिसळणारा बर्नर घडवला. त्यामुळे काजळी धरणारी पिवळी ज्योत निळी आणि अधिक उष्ण झाली. ग्रिलच्या बर्नरच्या तोंडाशी हवा ओढून घेणारी जी खिडकी असते, ती या तत्त्वाचीच वंशज.

१३/ आरंभीच्या अनेक गॅस ग्रिल अंगणातील खांबावर, नैसर्गिक वायूच्या नळाला जोडलेल्या असत. मिथेन हवेपेक्षा जवळपास निम्म्याने हलका. गळला तर वर निघून जातो. पुढे सिलिंडरमुळे ग्रिल कुठेही नेता येऊ लागली. पण अमेरिकेतील त्या सिलिंडरमधला प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, खळग्यात साचतो, आणि हवेत अवघा २ टक्क्यांच्या आसपास असला तरी पेटू शकतो.

१४/ मग ग्रिल विटांच्या ओट्यात बसवण्याची टूम निघाली. येथे आपली गोष्ट वर्तुळ पूर्ण करते. उघड्यावरच्या शेगडीचे सर्वांत मोठे संरक्षण म्हणजे चहूकडची हवा. ओटा बांधताच शेगडीखाली एक बंदिस्त पोकळी तयार होते. न्यू लंडनच्या जोत्याखाली होती तशीच, फक्त लहान. वरची ग्रिल उघड्यावर असते. वायूचे जोड मात्र बहुधा या पोकळीत असतात.

१५/ म्हणून झरोके हवेतच, आणि ते कुठे हवेत हे वायूच्या वजनावर ठरते. नैसर्गिक वायूसाठी वरच्या बाजूला, प्रोपेनसाठी तळाशी. समोरासमोरच्या बाजूंना ठेवले तर वारा आरपार जातो. सिलिंडर ओट्यात ठेवायचा असेल, तर त्याचा कप्पा खास त्यासाठी बांधलेला, बर्नरच्या भागापासून वेगळा आणि जमिनीलगत तसेच सिलिंडरच्या झडपेच्या उंचीवर झरोके असलेला हवा. नेमके माप ग्रिलच्या पुस्तिकेत असते आणि तेच प्रमाण मानावे.

१६/ बांधकामाचे आणखी तीन नियम. एक, ओट्याचा सांगाडा न जळणाऱ्या साहित्याचा असावा. तो लाकडी असेल तर ग्रिलभोवती उत्पादकाचे उष्णतारोधक आवरण लागतेच. दोन, वायू बंद करण्याची झडप हात सहज पोहोचेल अशा जागी असावी. तीन, ज्या वायूसाठी ग्रिल बनली आहे, तोच वायू तिला जोडावा. तेवढ्याच आकारमानाच्या प्रोपेनमधून नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीचपट उष्णता मिळते. त्यामुळे दोन्हींचे जेट आणि रेग्युलेटर वेगळे असतात. नळाचे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे.

१७/ जोडणी झाल्यावर, आणि पुढे प्रत्येक वेळी सिलिंडर बदलल्यावर, सर्व जोडांना साबणाचे पाणी लावावे. बर्नर बंद ठेवून सिलिंडरची झडप सावकाश उघडावी. बुडबुडे फुगले तर गळती आहे. ती दुरुस्त होईपर्यंत काडी ओढायची नाही. नाक थकते, सर्दी होते. साबणाचे पाणी चुकत नाही.

१८/ पेटवण्यापूर्वी झाकण उघडावे. बंद झाकणाखाली वायू साठला तर तीही एक पोकळीच, आणि ती तुमच्या चेहऱ्यासमोर असते. ग्रिल काही सेकंदांत पेटली नाही तर गॅस बंद करून पाच मिनिटे थांबावे, मग पुन्हा प्रयत्न करावा. हिवाळाभर बंद असलेल्या ग्रिलच्या बर्नरनळीत कोळी जाळे विणतात. मग वायू भलत्याच वाटेने बाहेर येतो आणि तेथेच पेटतो. निळ्याऐवजी पिवळी, आळसावलेली ज्योत दिसली तर आधी नळ्या ब्रशने साफ कराव्यात.

१९/ सिलिंडरही अनुभवातून बदलला. द्रव प्रोपेन उन्हात प्रसरण पावतो, म्हणून तो सुमारे ८० टक्केच भरतात. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस ग्रिलच्या छोट्या सिलिंडरांना जास्त भरणे रोखणारी तरंगती झडप सक्तीची झाली. १ एप्रिल २००२ पासून ती झडप नसलेले जुने, साधारण ९ किलोचे सिलिंडर पुन्हा भरून देणे बंद झाले. झडपेची तिकोनी मूठ ही या सुधारणेची खूण.

२०/ भारतात एलपीजी घरगुती वापरासाठी १९५५ साली बर्मा शेल कंपनीने मुंबईत आणला. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेनसोबत ब्यूटेन असतो आणि तो हवेच्या दुप्पट जड असतो. म्हणून गच्चीवर किंवा फार्महाउसवर ग्रिलचा ओटा बांधणाऱ्यांनाही खालच्या झरोक्यांचा नियम लागू आहे. काचा लावून बंद केलेली बाल्कनी मात्र 'उघडी जागा' नव्हे. तेथे गळतीखेरीज कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो, आणि त्याला कोणी वास मिसळलेला नसतो.

२१/ इतिहास शिकताना आम्ही सनावळ्या, तह, लढाया वाचतो. ग्रिलच्या पुस्तिकेला ऐतिहासिक साधन म्हणून कोणी हात लावत नाही. पण तिच्यातील कंटाळवाण्या सूचना एकेक करून वाचल्या, तर अनेकींमागे कधीतरी घडलेला अपघात सापडतो. न्यू लंडनच्या शाळा मंडळाने कोणाचे वाईट चिंतले नव्हते. त्यांनी महिन्याला काहीशे डॉलर वाचवले आणि जोत्याखाली काय साठते आहे, हे पाहिले नाही.

२२/ मी मावशीला ही कथा फोनवर सांगितली. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "उंदरांचे काय करू ते सांग." बारीक जाळी लावली की हवेची वाट अरुंद होते, म्हणून तिने ग्रिलसाठीच बनवलेले धातूच्या पट्ट्यांचे झरोके आणले. गॅसच्या माणसाला बोलावून बुजवलेली भोके उघडून घेतली, सिलिंडरचा कप्पा वेगळा करून घेतला आणि साबणाच्या पाण्याने सारे जोड तपासून घेतले. एकही बुडबुडा आला नाही. झरोके तरीही हवेच होते.

२३/ रविवारी समूहावर नवे छायाचित्र आले : भाजलेली कणसे, वांगी आणि ओट्याच्या तळाशी दोन्हीकडे झरोके. तुमच्या ओळखीत कोणी असा ओटा बांधत असेल, तर हा धागा त्यांच्यापर्यंत पोहोचवा आणि एवढेच विचारा : खालून हवा कुठून जाते?