चांदा प्रांताची खानेसुमारी व वयाचा हिशेब

एखाद्या प्रांतांत माणसें किती आहेत हें खानेसुमारीवरून कळतें. परंतु त्या माणसांस काय पाहिजे आहे, हें त्यांच्या वयांवरून कळतें. हा भेद आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं कौमारभृत्य हें बालकांसाठीं, तर रसायन हें जरा दूर ठेवण्यासाठीं सांगितलें आहे. असें असतां आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासांत लोकसंख्येचा एकच आंकडा देऊन पुढें जाण्याची रीति पडली आहे. त्या एका आंकड्याखालीं काय झांकलें जातें, तें चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांच्या उदाहरणानें दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

26 ऑगस्ट 1982 पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. 1853 सालीं तिसरे रघूजी भोसले वारले आणि नागपूरचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें, त्यांत चांदाही गेला. मध्यप्रांताची पहिली खानेसुमारी 1866 सालीं झाली. मेजर लूसी स्मिथ यांचा चांद्याच्या जमाबंदीचा अहवाल 1869 चा आहे. त्याचा रोख अर्थातच जमिनीच्या साऱ्यावर आहे.

पुढें 1896-97 व 1899-1900 असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. 1901 सालीं जिल्ह्याची लोकसंख्या 6,01,533 भरली. म्हणजे दहा वर्षांत सुमारें सातवा हिस्सा घटला. इतिहासकार बहुधा येथेंच थांबतो. परंतु दुष्काळ सर्व वयांवर सारखा कोसळत नाहीं. तान्हीं मुलें व वृद्ध आधीं जातात. शिवाय अन्नावांचून गर्भधारणाच कमी होते, म्हणून पुढल्या वर्षीं पाळणे रिकामे राहतात. जें मूल 1900 सालीं जन्मलेंच नाहीं, तें 1906 च्या सुमारास शाळेंत येत नाहीं, 1920 च्या सुमारास नांगरामागें उभें राहत नाहीं आणि 1960 च्या सुमारास ओसरीवर म्हातारें होऊन बसतही नाहीं. हें खिंडार पिढीबरोबर साठ वर्षें चालत जातें. 1918 च्या इन्फ्ल्युएंझानें याच्या उलट 20 ते 40 वयाचीं कर्तीं माणसें अधिक नेलीं, आणि मध्यप्रांतास तो तडाखा फार मोठा बसला. मागें राहिलेल्या पोरक्या मुलांची व थकलेल्या आईबापांची गरज एकूण संख्येच्या घटीवरून मोजतां येणार नाहीं.

आतां हीं वयें कळावींत कशीं? खानेसुमारींत सांगितलेलीं वयें वीस, पंचवीस, तीस, चाळीस या आंकड्यांभोंवतीं गोळा होतात, कारण सांगणारा अदमासानें सांगतो. दुसरें साधन कोतवाल पंजी; तींत गांवचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद करीत असे. तिसरें साधन शाळेचें दाखलखारीज रजिस्टर. या तिसऱ्याविषयीं प्रस्तुत लेखकास एक कबुली द्यावयाची आहे. जंगलांतील गांवीं मुलास शाळेंत घालावयास आलेल्या बापास जन्मतारीख विचारली कीं तो 'मोह वेंचण्याच्या दिवसांत' किंवा 'मोठा पूर आला त्या सालीं' असें सांगे. मी मुलाचे दांत व उंची पाहून सहा वर्षें धरीं आणि 1 जुलै लिहून मोकळा होईं. बापानें सांगितलेला ऋतु खरा होता. मीं लिहिलेली तारीख खोटी होती. अशा नोंदींवरून हिशेब करणारानें हें ध्यानांत ठेवावें.

वयाची नोंद नीट ठेविली म्हणजे काय होतें, याचा दाखलाही गडचिरोलींतच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं 1986 सालीं तेथें 'सर्च' ही संस्था सुरू केली. 1988 सालीं त्यांच्या कार्यक्षेत्रांत 1000 जिवंत जन्मांमागें 121 बालकें वर्षाच्या आंत दगावत होतीं. 1993 ते 1995 या काळांतील बालमृत्यूंची वयें निरखून पाहतां बहुतेक मृत्यु पहिल्या 28 दिवसांतील आढळले. त्या दिवसांत बाळ व बाळंतीण घरांतच असतात. दवाखाना दूर, आणि मोठा असला तरी तेथवर जाणें होत नाहीं. म्हणून 39 गांवांत गांवच्याच स्त्रियांस नवजात बालकाची शुश्रूषा शिकवून घरोघरीं पाठविलें. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, नवजातांचे मृत्यु 62 टक्क्यांनीं कमी झाले. हा वृत्तांत 1999 सालीं 'लॅन्सेट' मध्यें प्रसिद्ध झाला, आणि 2011 पासून ही पद्धति आशा सेविकांमार्फत देशभर चालू झाली. सेवेचें स्वरूप वयानें ठरविलें, लोकसंख्येच्या बेरजेनें नव्हे.

2011 सालीं चंद्रपुरांत 22,04,307 आणि गडचिरोलींत 10,72,942 लोक होते. पहिल्यांत दर चौरस किलोमीटरास 193, दुसऱ्यांत अवघे 74. इतक्या विरळ वस्तींत एका पाड्यावर शाळेच्या वयाचीं मुलें थोडींच निघणार, आणि एखाद्या सालीं जन्म कमी झाले कीं पट एकदम उतरणार. 2023 सालीं 20 हून कमी पटाच्या शाळांसाठीं समूह शाळेची कल्पना शासनानें पुढें मांडली. एका सालचा पट म्हणजे ओहोळाचें एका दिवसाचें पाणी. तेवढ्यावरून शाळा हलविली, तर पुढल्या पिढीच्या मुलांनीं पर्लकोटेच्या पुरांतून शाळेस कसें जावें? दुसरीकडे महाराष्ट्रांत साठीपुढील माणसें 2011 सालींच 9.9 टक्के झालीं होतीं. खाणी व वीजकेंद्रें यांसाठीं चंद्रपुरांत आलेले त्या वेळचे तरुणही आतां वृद्ध होत आहेत. त्यांची गरज पाळण्याची नाहीं, काठीची आहे.

2021 ची खानेसुमारी झाली नाहीं. पुढची 2027 सालीं घेण्याचें ठरलें आहे. तोंवर जुन्या वयांवरच नव्या सेवांची आंखणी होत राहील. म्हणून वाचकांस विनंति कीं, कोणाच्या संग्रहीं या दोन जिल्ह्यांतील जुनी कोतवाल पंजी किंवा शाळेचें रजिस्टर असेल, तर त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. त्यांत 1 जुलै या तारखा फार आढळल्या, तर दोष मुलांचा नव्हे, आम्हां मास्तरांचा समजावा.