शंकर बर्फाचा जावई

"मामा, शिवा आली बघ! तिने सगळ्यांना गोठवून टाकलं!"

भाच्याच्या या एका वाक्यावरून आमच्या घरात चांगला अर्धा तास वाद रंगला. शेजारी मटार सोलत बसलेली आई, म्हणजे त्याची आजी, म्हणाली, "आली काय रे? आला म्हण." तो म्हणाला, "नाही आजी, ही बाई आहे."

त्याचं बरोबर होतं. 'फायनल फँटसी' या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेत शिवा ही बर्फाची देवता आहे. निळसर अंगाची स्त्री, हाक मारली की येते आणि समोरच्याला गारठवून जाते. १९९० च्या तिसऱ्या गेमपासून ती आहे. तुमच्यापैकी काही जणांनी तर तिला शंकराच्या आधी ओळखलं असेल, लाजू नका.

आईचा प्रश्न होता, "शंकराचा आणि बर्फाचा काय संबंध?" माझा त्याच्याही आधीचा होता: बर्फ हे 'तत्त्व' झालं कधी?

कारण जुन्या याद्यांमध्ये बर्फ नाहीच. आपली पंचमहाभूतं मोजा: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिलीतल्या एम्पेडोक्लीसने चार तत्त्वं सांगितली, त्यातही पाणी आहे, बर्फ नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या हिशोबात पाणी हेच थंड आणि ओलं. त्याला गोठलेल्या पाण्यासाठी वेगळा खण लागला नाही. १९८७ च्या पहिल्या 'फायनल फँटसी'तलं जगसुद्धा पृथ्वी, अग्नी, जल आणि वायू अशा चार स्फटिकांवर उभं आहे. पण त्याच गेममधला जादूगार लढायला लागला की हाती घेतो आग, वीज आणि बर्फ! मला वाटतं, आगीसमोर पाणी ठेवलं तर आग नुसती विझते. बर्फ ठेवला की लढाई दिसते.

या जोडीला खरोखरच जगाच्या मुळाशी बसवलं ते आइसलंडच्या लोकांनी. १२२० च्या सुमाराला स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या तिथल्या बड्या राजकारण्याने आणि कवीने 'एड्डा' लिहिला. बेट ख्रिस्ती होऊन तेव्हा दोनशे वर्षं उलटली होती, पण जुन्या देवांच्या गोष्टी कवींना माहीत हव्यात म्हणून त्याने त्या नीट मांडून ठेवल्या. त्यातली सुरुवात अशी: एका बाजूला धुकं आणि थंडीचं निफ्लहाइम, दुसऱ्या बाजूला आगीचं मुस्पेल, मधे नुसती पोकळी. थंड नद्या गोठत गोठत, थरावर थर चढवत पोकळीत आल्या, पलीकडून ऊब आली, बर्फ वितळला आणि त्या थेंबांतून यमिर नावाचा राक्षस जन्मला. त्याला दूध पाजणारी गाय खारट बर्फ चाटत बसायची. पहिल्या दिवशी चाटता चाटता माणसाचे केस दिसले, दुसऱ्या दिवशी डोकं, तिसऱ्या दिवशी अख्खा माणूस. तो ओडिनचा आजोबा. पुढे ओडिन आणि त्याच्या भावांनी यमिरला मारून त्याच्या शरीरापासून जग घडवलं: रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचं आकाश. (पुरुषसूक्त आठवलं ना?)

हिमनदीच्या पोटात ज्वालामुखी असलेल्या बेटावर ही गोष्ट फार लांबची वाटली नसणार. २०१० मध्ये त्यांच्यातल्याच एकाने युरोपभरची विमानं जमिनीवर बसवली होती.

पण गंमत बघा, स्नोरीच्या गोष्टींत बर्फाचा देव असा कोणी नाही. बर्फ राक्षसांचा, देव त्यांच्याशी लढणारे. सगळ्यांत जवळची म्हणजे स्काडी, बर्फावर स्की घालून शिकार करणारी, आणि तीही राक्षसाचीच मुलगी. मंदिरात बसून राज्य करणारा बर्फाचा देव फँटसीवाल्यांनी नंतर घडवला.

आता आईचा प्रश्न. आपल्याकडे हिमवान हा पर्वत आहे, देवही आहे आणि पार्वतीचा बापही. म्हणजे शंकर बर्फाचा देव नाही, बर्फाचा जावई! कालिदासाने 'कुमारसंभवा'ची सुरुवातच या सासऱ्याच्या वर्णनाने केली आहे. त्यात बर्फाबद्दल तो काय म्हणतो? की इतकी रत्नं देणाऱ्या पर्वताच्या सौंदर्याला बर्फाने बाधा येत नाही, चंद्रावरच्या डागासारखा एवढा एक दोष गुणांमध्ये बुडून जातो. हिमालयाच्या अंगावरचा बर्फ हा दोष! स्नोरीने ज्यातून जग काढलं, ते कालिदासाला सावरून घ्यावं लागलं.

"आणि अमरनाथ?" आईने मटार बाजूला ठेवले. तिचं बरोबर होतं. तिथे बर्फच देव आहे. गुहेत वरून पाणी ठिबकतं, गोठतं आणि लिंग वाढत जातं. उन्हाळा सरता सरता विरघळतं. अलीकडे काही वर्षी तर ते यात्रा संपायच्या आतच वितळलं.

"मग परत येते का?" भाच्याचं व्याकरण अजून गेममध्येच होतं.

"दरवर्षी येतो," आई म्हणाली.

स्नोरी राहायचा त्या पश्चिम आइसलंडमध्ये ओक नावाचा डोंगर आहे. त्याच्यावरच्या हिमनदीचं नाव ओकयोकुल. 'योकुल' म्हणजे हिमनदी. २०१४ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं की बर्फ इतका पातळ झालाय की तो स्वतःच्या वजनाने सरकत नाही, म्हणजे ती आता हिमनदी नाही. नावातला 'योकुल' गळाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोक डोंगर चढून गेले आणि एका दगडावर पाटी बसवून आले. तिच्यावर भविष्यातल्या माणसांना लिहिलेलं छोटं पत्र आहे आणि खाली त्या वेळचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा: दहा लाख भागांत ४१५.