न शोधता सापडलेले हर्निया

सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब तेथून फुगून बाहेर येते. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी अशीच बाहेर आली, की त्याला हर्निया अर्थात अंतर्गळ म्हणतात. शतकानुशतके वैद्य हा फुगवटा बाहेरूनच पाहत, बोटांनी चाचपत. जे फुगत नसे, ते त्यांच्या लेखी नव्हतेच.

भिंतीची आतली बाजू पोट न फाडता दिसू लागली ती विसाव्या शतकात. १९०१ साली गेओर्ग केलिंग यांनी जर्मनीत कुत्र्याच्या पोटात हवा भरली आणि मूत्राशय पाहण्याच्या दुर्बिणीने आत डोकावून दाखवले. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी माणसांवरील अनुभव प्रसिद्ध केला. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिश म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले. पुढे ही पद्धत जगभर पसरली. पित्ताशयासाठी आत गेलेली दुर्बीण जांघेकडे वळवली, की कधीही तक्रार नसलेल्या रोग्यातही तेथे भोक दिसू लागले.

हे भोक येते कोठून? मुलाचे वृषण जन्मापूर्वी पोटातून जांघेमार्गे खाली उतरतात, तेव्हा पोटाच्या अस्तराची एक पिशवी त्यांच्याबरोबर खाली जाते. ती बहुधा बुजते. काहींत उघडी राहते. पण तिच्यात आतडे उतरतेच असे नाही.

बालकांना या नव्या दृष्टीचा फायदा झाला. एका बाजूला हर्निया असेल तर दुसरी बाजूही उघडावी, अशी शिफारस १९५५ मध्ये रोथेनबर्ग व बार्नेट यांनी केली होती. १९९०च्या दशकात पहिल्या पिशवीतूनच दुर्बीण घालून पलीकडे पाहता येऊ लागले आणि अनेकांची दुसरी चीर वाचली.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र उलटा पेच पडला. भोक दिसले, रोगी भुलेखाली. शिवून टाकावे काय? २००६ साली अमेरिकेत फारसा त्रास नसलेल्या ७२० पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसते लक्ष ठेवलेल्यांत हर्निया अचानक अडकण्याचे प्रमाण वर्षाला हजारी दोनपेक्षा कमी होते. मात्र दहा वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांनी, मुख्यतः दुखू लागल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतली. आणि हे हर्निया तर बाहेरून कळणारे होते.

म्हणजे घाई नको, आणि विसरणेही नको. सापडलेल्या भोकाची नोंद करावी, रोगी शुद्धीवर आल्यावर त्याला सांगावे. उपकरण सुधारले की नव्या गोष्टी दिसतात. त्यांतली प्रत्येक गोष्ट म्हणजे आजार असतो का, हा प्रश्न वर्गातही विचारून पाहावा.