कुलाबा किल्ल्यावरील तोफा

अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्यावर, उत्तरेच्या तटावर, चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या बिडाच्या दोन तोफा आहेत. त्या यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्डजवळच्या लो मूर लोखंड कारखान्यात ओतल्या गेल्या. कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल त्यांवर उमटवलेले दिसते. पर्यटक त्यांना सर्रास आंग्र्यांच्या तोफा म्हणतात, ते चूक आहे. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांचे निधन १७२९ मध्ये झाले आणि आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजांनी १८४० मध्येच खालसा केले.

तोंडाकडून ठासायच्या अशा तोफांची प्रतवारी इंग्रज त्यांच्या भरीव लोखंडी गोळ्याच्या वजनावरून करीत. १२ पौंडी तोफेच्या नळीचा व्यास सुमारे ४.६ इंच, तर २४ पौंडीचा ५.८ इंच असे. व्यास दुप्पट केला की गोळ्याचे वजन आठपट होते. त्यामुळे व्यासातला थोडा फरकही मोठा ठरतो. गोळा नळीपेक्षा किंचित लहान ठेवावा लागे, त्या फटीतून दारूचा बराच जोर वाया जाई.

आंग्र्यांचे आरमार मात्र हलक्या तोफांवर लढले. गलबतांवर २ ते ४ पौंडी, तर गुराब या मोठ्या लढाऊ जहाजांच्या नाळेवर ९ ते १२ पौंडी तोफा असत. वेग आणि उथळ पाण्यातली चपळाई हेच त्यांचे खरे बळ होते. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज मिळून अलिबागवर चालून आले, तेव्हा त्यांना हात हलवीत परतावे लागले.

किल्ला संरक्षित स्मारक आहे. तोफांवरील अक्षरे वाचण्यासाठी ती खडूने किंवा किल्लीने घासू नयेत.