घातश्रेढी : ज्ञात श्रेढींतून नव्या श्रेढी

फलनाची घातश्रेढी मिळवण्याचा सरधोपट मार्ग म्हणजे एकामागून एक अवकलजे काढत जाणे. व्यस्त टॅन क्षच्या बाबतीत हे करू पाहणाऱ्याची चौथ्या-पाचव्या अवकलजापाशीच दमछाक होते. म्हणून मोजक्या ओळखीच्या श्रेढी घेऊन त्यांतूनच नव्या काढतात. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे भूमिती श्रेढी :

१/(१ − क्ष) = १ + क्ष + क्ष² + क्ष³ + …

क्षची किंमत −१ आणि १ यांच्या दरम्यान असेल तेव्हाच ही समानता खरी. क्षच्या जागी −क्ष² ठेवले की १/(१ + क्ष²) ची श्रेढी मिळते : १ − क्ष² + क्ष⁴ − क्ष⁶ + …. तिचे ० पासून क्षपर्यंत पदशः समाकलन केले, की अवघ्या दोन ओळींत

व्यस्त टॅन क्ष = क्ष − क्ष³/३ + क्ष⁵/५ − क्ष⁷/७ + …

पदशः अवकलन-समाकलनाने अभिसरण त्रिज्या बदलत नाही. टोकाच्या बिंदूंवर मात्र चित्र पालटू शकते. क्ष = १ ला मूळ श्रेढी अभिसारी नव्हती, नवी आहे, आणि तिची बेरीज π/४ येते.

ही श्रेढी युरोपात जेम्स ग्रेगरी (१६७१) आणि लायब्निट्स यांच्या नावाने ओळखली गेली. पण केरळातील संगमग्रामचा माधव तिथे सुमारे अडीच शतके आधी पोहोचला होता. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने मल्याळम भाषेतील ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात तिची सिद्धता दिली, आणि त्या सिद्धतेच्या गाभ्याशी भूमिती श्रेढीचाच विस्तार आहे! हा इतिहास कलनाच्या प्रत्येक वर्गात सांगितला जायला हवा.

क्ष = १ घेऊन π काढणे फार वेळखाऊ. हजार पदांनंतरही तिसरे दशांशस्थळ चुकते. क्ष = १/√३ घेतल्यास २१ पदांत दहा दशांशस्थळे बिनचूक येतात.

भूमिती श्रेढीचे अवकलन केल्यास १/(१ − क्ष)² = १ + २क्ष + ३क्ष² + … मिळते.

घातांकी श्रेढीत क्षऐवजी −क्ष² घालण्याचा उपयोग आणखी मोठा आहे. त्यातून येणाऱ्या घंटाकृती वक्राखालचे क्षेत्रफळ नेहमीच्या फलनांत मांडताच येत नाही. पदशः समाकलनाने ० ते १ मधले क्षेत्रफळ १ − १/३ + १/१० − १/४२ + १/२१६ − … असे मिळते. या पाच पदांची बेरीज ०.७४७५ भरते, खरी किंमत ०.७४६८ आहे.